एक नंबर लहान

“ताई, एक नंबर मोठे घ्या, पाय वाढतोय पोरीचा,” बुटांचा दुकानदार म्हणाला होता, तेव्हा आईने ते हसण्यावारी नेलं आणि लेकीला एक नंबर लहानच घेतले. नवरा नावाजलेला फुटबॉलपटू. जन्मभर मुद्दाम एक नंबर लहान बूट घालून खेळला. “बूट आवळला की चेंडू कळतो,” हे त्याचं वाक्य लेकीला तोंडपाठ. आज मोठ्या क्लबच्या निवड चाचणीत तिने दोन गोल मारले आणि घरी बापाचे फोनवर फोन सुरू झाले. आईने तिचा मोजा ओढला, तर अंगठ्याचं नखच मोज्याबरोबर निघालं. “अरे, फोन ठेव आणि इकडे बघ.” “त्यात काय? माझी दहांतली सहाच नखं उरलीत,” नवरा म्हणाला. “म्हणजे माझी अजून नऊ आहेत,” लेक खुशीत म्हणाली. कुणापुढे डोकं फोडावं? तुमच्या घरच्या खेळाडूला गोल किती मारले ते नंतर विचारा. आधी मोजे काढून बोटं बघा.