एक्केचाळीस मेल

"नऊ दिवस?" सर्व्हरवाल्याने खुर्ची ओढली. "नऊ दिवस इथून एकही मेल बाहेर गेली नाही, आणि तुम्ही मला साधा फोन करत नाही?"

नोंदणीच्या ताई खिडकीची काच पुसत होत्या. काच स्वच्छच होती. "लक्षातच आलं नाही रे," त्या म्हणाल्या.

हे पटण्यासारखं नव्हतं. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी ताई त्याला बोलावून घ्यायच्या. या खेपेला तक्रार आली होती ती वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या साहेबांकडून.

कचेरी दोन खोल्यांची, पण काम जड. बेवारस सापडलेल्या मृतदेहांचे नमुने वर प्रयोगशाळेत तपासले जात. हरवलेल्यांच्या नातलगांचे नमुनेही तिथेच ठेवलेले असत. दोन नमुने जुळले, की आधी ताईंना कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हर आपणहून त्या घरी मेल धाडायचा: आपलं माणूस सापडलं आहे, कचेरीत येऊन भेटा.

सर्व्हरवाल्याकडे वीस-बावीस ऑफिसं होती. बाकीची तो हाताखालच्या लोकांवर सोडायचा. इथे मात्र गेली सात वर्षं स्वतः यायचा.

"आई कशी आहे?" ताईंनी पाठमोरं राहूनच विचारलं.

"आहे. दिवसभर दाराकडे तोंड करून बसते. खुर्ची जरा हलवली की अंगावर येते." त्याने कीबोर्ड जवळ घेतला. "म्हातारपण, दुसरं काय."

आधी त्याने इंटरनेट पाहिलं. ठणठणीत. डिस्क भरली असेल म्हणून बघितलं, तर निम्मी रिकामी. पासवर्डची मुदतही संपलेली नव्हती. मग त्याने सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी उघडल्या. दर पंधरा मिनिटांनी एकच ओळ होती: पलीकडून उत्तर नाही. अडकलेल्या मेल, एक्केचाळीस.

"बिचारा नऊ दिवस भलत्याच घराची कडी वाजवतोय," तो हसला. "मेल जाते पाचशे सत्त्याऐंशी नंबरच्या पोर्टमधून. इथे पाचशे अठ्ठ्याहत्तर पडलंय."

"यंत्रं चुकतात कधीकधी."

"यंत्र पोर्ट बदलत नाही, ताई. माणूस बदलतो."

बदल कुणी केला, तेही सर्व्हरने लिहून ठेवलं होतं. मंगळवार, सकाळी अकरा दहा. खातं ताईंचं. ते पान उघडायचं कसं हे त्यानेच त्यांना शिकवलं होतं, मागे एकदा आजारी असताना फोनवरून.

त्याचं हसू मावळलं. त्याने खुर्ची फिरवली. "का केलंत?"

ताईंनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"चाळीस घरी मी स्वतः फोन केलेत," त्या म्हणाल्या. "एक घर राहिलं."

"एका घरासाठी सगळ्यांच्या मेल अडवल्या?"

"तेवढी एकच अडवायची कशी, ते मला कुठे येतं?"

"कोण आहे त्या घरी?"

"एक आई आहे. तब्येतीने खचलेली. रोज सकाळी इथे आल्या आल्या मी फोन उचलते, आणि माझी बोटं चालत नाहीत. बावीस वर्षं हेच सांगत आले लोकांना. असं कधी झालं नव्हतं."

सर्व्हरवाला चिडला. ताईंवर तो पहिल्यांदाच चिडत होता.

"ही दया नाही, ताई. तुम्हाला काय वाटतं, ते घर सुखात आहे? तसल्या घरात भिंतींना रंग देत नाहीत, उगाच घर ओळखू आलं नाही तर? भाड्याची जागा गळायला लागली तरी सोडत नाहीत. बेल वाजली की घास हातात राहतो. वाट बघण्यापेक्षा रडणं बरं. रडून माणूस कधीतरी थकतं तरी."

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. "खरंच असं वाटतं तुला?"

"शंभर टक्के. वाईट तर वाईट, पण कळू दे."

त्याने आकडा दुरुस्त केला आणि ताईंच्या पत्त्यावर एक चाचणीची मेल सोडली. पलीकडच्या टेबलावर टिंग वाजलं.

"पोचली. आता एक बटण दाबलं की एक्केचाळीसच्या एक्केचाळीस सुटतील. यादीवर नजर टाकून घेतो एकदा."

"यादी नको उघडूस." ताई झटकन आल्या आणि त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "चाळीस घरांना माणसाने सांगितलंय. त्या घरालाही मशीनकडून नको कळायला."

"मग लावा फोन."

"माझ्याने होत नाही रे."

सर्व्हरवाल्याने सुस्कारा सोडला आणि टेबलावरचा फोन स्वतःपुढे ओढला. "द्या नंबर. मी बोलतो. काय म्हणायचं असतं?"

"आधी विचारायचं, जवळ कुणी आहे का. नसेल तर शेजारच्यांना बोलवायला सांगायचं. मग बसायला सांगायचं. घाई करायची नाही. रडू आलं त्यांना, तर फोन ठेवायचा नाही."

"बरं. सांगा."

ताईंनी फाइल काढली नाही. दुसरी खुर्ची ओढून त्या त्याच्या अगदी शेजारी बसल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तोंडपाठ असलेला नंबर एकेक आकडा करून सांगू लागल्या. तो दाबत गेला. चौथ्या आकड्याला ताई थांबल्या. बाकीचे आकडे सर्व्हरवाल्याला लहानपणापासून पाठ होते.