वर्गमूळ दिसलं

गिऱ्हाइकाची फ्लॉपी आत सरकली, ड्राइव्ह करकरला आणि अंजूनं मनातल्या मनात म्हटलं, फुटू दे अक्षरं. आज एकदाच फुटू दे.

बी.एस्सी. होऊन शहापूरच्या या टायपिंगच्या दुकानात बसायला लागल्यापासून तिनं कायम उलटंच मागणं मागितलं होतं. मराठी फाइल ज्या मशीनवर उघडायची, तिथं तोच फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं असा नुसता काला दिसायचा. आज तिला तो कालाच हवा होता.

अक्षरं नीट दिसली, तर फॉन्ट इथं आहे हे उघड होणार होतं. आणि फॉन्ट चोरीचा होता. विकतच्या फॉन्टबरोबर एक छोटं लॉक यायचं. ते मशीनच्या मागं खोचल्याशिवाय तो चालायचा नाही. कल्याणच्या एका माणसानं लॉकशिवाय चालणारी कॉपी दिली होती. आणायला अंजूच गेली होती.

गेल्याच आठवड्यात मुरबाडच्या एका दुकानात कंपनीचा माणूस गिऱ्हाईक बनून आला. गोड बोलून एक पान टाइप करून घेतलं आणि संध्याकाळी पोलिसांना घेऊन मशीनच उचलून नेलं. दुकानाला टाळं लागलं. ही बातमी आल्यापासून अंजूचा चुलतभाऊ आणि दुकानाचा मालक सुदाम फक्त इंग्रजी अर्ज घेत होता. आज तो बाहेर होता, आणि अंजू नाही म्हणायच्या आत गिऱ्हाइकानं फ्लॉपी पुढं केली होती.

फाइल उघडली. ‘पाठ सहावा : वर्गमूळ’. काना, मात्रा, रफार, सगळं जागच्या जागी. मुळाचं चिन्हसुद्धा डोक्यावरच्या आडव्या रेघेसकट.

शेजारी बसलेला माणूस पडद्याकडे टक लावून बघत राहिला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर काळी बॅग.

“छान दिसतंय,” तो हळूच म्हणाला.

“हो.”

“खाली एक ओळ टाइप कराल? अ वर्ग अधिक ब वर्ग, या सगळ्याचं वर्गमूळ. रेघ पार शेवटपर्यंत गेली पाहिजे.”

येत नाही म्हणावं, असं तिच्या मनात आलं. पण बोटं तोवर पुढं गेली होती. ऑल्ट दाबून आकडे, मग मुळाची शेपटी, मग रेघेचे तुकडे एकाला एक जोडून. ही युक्ती कुणी शिकवली नव्हती. एकेक आकडा दाबून, कुठलं चिन्ह उमटतं ते बघत तिनं स्वतः शोधली होती. रेघ बरोबर ‘ब’च्या डोक्यावरच्या दोनापाशी थांबली. क्षणभर तिला बरं वाटलं, आणि लगेच आपण काय करून बसलो ते कळलं.

“हे सगळ्यांना जमत नाही, ताई,” तो म्हणाला. “फॉन्ट कुठून घेतलात?”

“मालकांनी आणलाय. मला माहीत नाही.”

“मालक?”

“आसनगावला गेलेत. येतील.”

तो उठला. टेबलाला वळसा घालून वाकला आणि त्यानं मशीनच्या मागच्या वायरी बाजूला करून पाहिल्या. सावकाश, काही राहू नये अशा बेतानं. लॉक तिथं नव्हतंच.

“मी समोर चहा घेतो. मालक आले की बोलू. फ्लॉपी असू द्या इथंच.”

तो रस्ता ओलांडेपर्यंत सुदाम कागदांचा गठ्ठा घेऊन मागच्या दारानं आत आला. अंजूनं एका दमात सगळं सांगितलं. गठ्ठा त्याच्या हातातून खाली पडला.

“मागं वाकून बघितला त्यानं?”

“वायरी सारून.”

“पायात काय होता?”

“बूट. पॉलिशचे.”

“मंग संपला! आपल्याकडं बूट घालून कोन येतो गो टायपिंगला? कंपनीचाच हाय तो. पोलीस यायच्या आधी उडव सगळा.”

“दादा, परत मिळणार नाही. कल्याणवाला फोन उचलत नाही.”

“मशीन नेला तर फॉन्ट काय चुलीत घालशील? आनि ते माझ्या जागी तुझा नाव घेतील. आणलास तू ना? उडव!”

अंजूनं फोल्डर निवडला. मशीननं विचारलं, नक्की? तिनं होय म्हटलं. कचऱ्याची पेटीही रिकामी केली. तेवढ्यात सुदामनं कपाटातून कॉपीच्या फ्लॉप्या काढल्या आणि कागद कापायच्या कात्रीनं एकेकीचे तुकडे केले. आतली काळी चकती कापताना करवतीसारखा आवाज येत होता. तुकडे त्यानं मागच्या गटारात लोटले.

दारात सावली पडली.

“या साहेब,” सुदाम हसत पुढं झाला. “आमी काय मराठी करत नाय. ही पोरगी उगाच बोलली आसंल. फकस्त इंग्रजी. बघा, पायजे तर उघडून बघा.”

अंजूनं फाइल पुन्हा उघडली. पडदाभर काला. मुळाच्या जागी कसलासा कंस आणि एक चौकोन.

माणूस बघत राहिला. मग हातातली बॅग त्यानं खाली ठेवली. आता कंपनीचं कार्ड बाहेर येणार म्हणून सुदामनं अंजूच्या खुर्चीची पाठ धरली.

“आता तर दिसत होतं,” माणूस म्हणाला.

अंजूनं फाइल बंद केली.

“डोळखांबच्या आश्रमशाळेसाठी पुस्तक करतोय. दोन वर्षं टाइप केलंय. एवढी एक फ्लॉपी वाचली.” त्यानं ड्राइव्हकडे बोट केलं. “मुरबाडला मशीन नेलं ना, ते माझ्याच दुकानातलं. मागं लॉक नाही, म्हणजे तुमचाही माझ्यासारखाच, असं दिसलं, तेव्हा धीर आला होता. मालकांपुढं हात जोडून कॉपी मागणार होतो.”

सुदामचा हात खुर्चीवरून निसटला.

“कल्याणच्या त्या माणसाला परवा माझ्यासमोरच पोलिसांनी धरलं. त्याच्याकडचं सगळं गेलं. जाता जाता एवढंच म्हणाला, शहापूरला अंजूताईंकडे एक कॉपी आहे. तेवढीच उरली.”