चेंबरच्या काठावर

पौर्णिमेची वंदना संपल्यावर विहारात सगळ्या वस्तीने शपथ घेतली, की मशीन आल्याशिवाय आपला एकही माणूस गटारात उतरणार नाही. गेल्याच महिन्यात द्वारकाबाईचा नवरा चेंबरमध्ये गुदमरून गेला होता. बुद्धमूर्तीसमोर शपथेचे शब्द सगळ्यांना सांगितले ते तिच्या मुलाने, संघपालने.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गिरणीतून दळण घेऊन येत होती, तर नाक्यावरचं चेंबर उघडं. काठावर उघड्या अंगाने संघपाल उभा, कमरेला दोर बांधलेला. तिच्या हातातला डबा सुटला आणि पीठ रस्ताभर झालं.

"आई, आज उतरलो तर मुकादम नोकरीत कायम करणार," तो खाली बघत म्हणाला. "तुझ्या एकटीच्या धुण्याभांड्यांवर घर चालतंय का?"

ती पुढे झाली, काठावर बसली आणि त्या काळ्या भोकात तिने पाय सोडले.

"आधी मी. मग तू."

"ए बाई, ऊठ तिथून!" मुकादम ओरडला. संघपालने घाबरून तिचा दंड घट्ट धरला. तेवढ्यात विहाराकडून बायका धावत आल्या आणि चेंबरभोवती ठाण मांडून बसल्या.

दुपारी मशीन आलं. तोवर त्याने तिचा दंड सोडला नव्हता.