वहीप्रमाणे सुन-रे आत आहे

खांद्यावर तारे मिरवणाऱ्यांनो, ऐका: तुमच्या फाटकावर माणूस तपासत नाहीत, वास तपासतात.

सुन-रे लष्करी छावणीच्या फाटकाशी पोहोचली आणि तिच्या डोळ्यांदेखत तिचा निळा टेम्पो आत गेला. पहारेकऱ्याने एका हाताने नाक दाबलं, दुसऱ्याने अडसर उचलला. मागे उष्ट्याची पिंपं, पुढे काचेवर पास. झालं.

"अरे थांबव त्याला!"

पहारेकरी हान-ग्योल वळला. "कोण तुम्ही, मावशी?"

"त्या टेम्पोची मालकीण. परवापर्यंत. अकरा वर्षं तुमचं उष्टं माझ्या डुकरांना नेलं. डुकरं संपली, टेम्पो विकला. घेणारा म्हणाला, पास खरवडून टाकतो. माझा जीव राहिना, म्हणून बसने आले, पास रद्द करा सांगायला."

"घेणाऱ्याचं नाव काय?"

"नाही विचारलं. चुकलं माझं. पण मी डुकरं पाळणारी बाई, पोरा. बंदूक तुझ्या हातात आहे. आत दारूगोळ्याचं कोठार आहे ना तुमच्या?"

पोराचा चेहरा उतरला. केबिनमधून मा नावाचा हवालदार कॉफीचा कागदी कप घेऊन बाहेर आला. त्याने वही उघडली.

"दहा वाजून वीस. सुन-रे, निळा टेम्पो, उष्टं. आत."

"सही कोणाची?"

"आम्हीच करतो. रोजचंच आहे."

"म्हणजे मी आत आहे?"

"वहीप्रमाणे, हो."

"मग इथे कोण उभी आहे?"

"तेच विचारतोय. ओळखपत्र दाखवा."

तिने दिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणी मागितलं होतं. हवालदाराने ते उलटसुलट पाहिलं, उजेडात धरलं.

"फोटोत केस काळे आहेत."

"अरे बाबा, आत फोन कर!"

"काय सांगू? न बघता सोडला म्हणून सांगू? वीस मिनिटांत भरून बाहेर येईल तो. रोज येतो."

"रोज मी येत होते!"

हवालदाराने कॉफीचा घोट घेतला. आत काही पेटलं तर वहीत नाव सुन-रेचं. आणि होरपळणार या हान-ग्योलसारखी पोरं, जी कुणाच्या तरी घरून दीड वर्षाच्या सक्तीच्या सैनिकीसाठी उचलून आणलीत.

तेवढ्यात रस्त्यावरून काळी गाडी आली. नंबरपाटीवर बड्या साहेबाचा तारा, काचा मिट्ट काळ्या. हवालदाराने कप खाली टाकला. हान-ग्योलने घसा ताणून सलामीची आरोळी ठोकली. अडसर आपोआप उचलला गेल्यासारखा वर गेला.

सुन-रे गाडीपुढे जाऊन उभी राहिली. करकचून ब्रेक लागला, भोंगा वाजला.

"बाई, वेड लागलंय का? साहेबांची गाडी आहे ती!"

"पाहिलंस साहेबांना?"

हवालदाराने काळ्या काचांकडे पाहिलं.

ती मागच्या दाराशी गेली. काळ्या काचेत तिला फक्त स्वतःचे पांढरे केस दिसले. तिने मूठ वळली आणि काचेवर ठोकली. एकदा. दोनदा.

"काच खाली करा. आत कोण आहे?"