पहिला पत्ता

"हा वैजापूरचा पत्ता तेवढा काढून टाका," श्रेया म्हणाली.

बँकेतल्या मोनिका मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. घरकर्जाच्या फाईलला जोडलेल्या क्रेडिट रिपोर्टमध्ये श्रेयाचे सगळे जुने पत्ते ओळीने बसले होते. चिकलठाण्यातली भाड्याची खोली, त्याआधीचं मुलींचं हॉस्टेल, आणि सगळ्यात वर वैजापूर. कॉलेजात असताना स्कूटी हप्त्यांवर घेतली होती, तेव्हाचा तो पत्ता. हप्ते कधीच फिटले, पत्ता मात्र ठाण मांडून बसला होता. मॅडम म्हणाल्या, जुने पत्ते असे राहतातच, त्याने काही बिघडत नाही. बँकेचा माणूस चौकशीला येईल, दारात विचारील, एखाद्या शेजाऱ्याला विचारील आणि 'राहते' असा शेरा नेईल. तो चालू पत्त्यावरच येतो.

श्रेयाचं तेवढ्याने समाधान झालं नाही. वैजापूरच्या दारात कोण उभं राहणार, हे तिला ठाऊक होतं. कडूबा. तिचे वडील, आबा. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून त्या माणसाने कांद्याच्या वावरातून येऊन तिच्या वेण्या घातल्या होत्या, वाकड्यातिकड्या का होईना. पण तिने मेंढपाळाच्या घरातल्या खंडेरावशी लग्न केलं आणि आबा एकच वाक्य बोलले, "आजपासून तू इथली नाहीस." नुसतं बोलले असते तर तिने रागाच्या खाती घातलं असतं. पण ते स्वतः तहसीलमध्ये गेले, रेशनकार्डावरचं तिचं नाव कमी करून घेतलं आणि तसा दाखला पोस्टाने पाठवून दिला. सोबत दोन ओळीही नाहीत. खंडेराव तेव्हा म्हणाला होता की नवीन कार्डात नाव घालायला हा दाखला लागतोच, म्हातारा तेवढ्यासाठी हेलपाटे घालून आलाय. श्रेयाने ऐकून घेतलं नाही. बापाने नाव खोडलं, हेच तिच्या मनात रुतून बसलं.

आता फ्लॅटचा इसार देऊन झाला होता. आबांनी 'अशी कुणी इथं राहत नाही' म्हटलं, तर फाईल अडकणार. पण खरं सांगायचं तर तिला कर्जाची भीती कमी आणि त्या वाक्याची जास्त होती. परक्या माणसासमोर ते पुन्हा बोललं जाईल, आणि या खेपेला कागदावर उतरेल.

माणूस गेला तो नेमका वैजापूरला.

त्याचं नाव बद्रीनाथ. दुपारी तो चिकलठाण्याच्या खोलीसमोर येऊन उभा राहिला तेव्हा धुळीने माखलेला होता आणि चांगलाच वैतागलेला. श्रेया नुकतीच लॅबमधलं काम आटपून आली होती. रात्रपाळी करून आलेला खंडेराव दारात मोटरसायकल पुसत होता. पाण्याच्या तांब्याला हात लावायच्या आधीच बद्रीनाथने गाऱ्हाणं मांडलं. रिपोर्टात वरचा पत्ता दिसला की गाडी तिकडे काढायची, ही त्याची जुनी खोड. सकाळीच वैजापूर गाठलं.

"मॅडम, तुम्ही नेमक्या राहता कुठं?"

श्रेयाने कसंबसं विचारलं, "काय म्हणाले ते?"

बद्रीनाथ सांगू लागला. बँकेचं नाव ऐकून म्हातारा आधी घाबरला. पोरगी काही अडचणीत आहे का, म्हणून तीनतीनदा विचारलं. घर घेते आहे म्हटल्यावर बसायला सतरंजी टाकली. मग आपल्या हाताने चहा टाकला आणि म्हणाला, "राहती की. इथंच राहती. जल्मल्यापासून." शेजारच्या भागूबाईला साक्षीला हाक मारली. ती बिचारी काही वेगळंच सांगणार होती, पण म्हाताऱ्याने असे काही डोळे वटारले की तिनेही मुकाट्याने 'व्हय' म्हटलं. तरी बद्रीनाथला शंका आली. तेव्हा म्हातारा त्याला अंगणात घेऊन गेला आणि ताडपत्री बाजूला केली. खाली स्कूटी होती. पुसून लख्ख केलेली, दोन्ही चाकांत हवा.

"मला म्हणले, ही तिची गाडी. गाडी हाय म्हंजी पोरगी हाय," बद्रीनाथ म्हणाला. "मी विचारलं, मग आत्ता कुठंय? तर म्हणले, कामाला गेलीय, सांजच्याला यील."

त्याने मोबाईल पुढे केला. चौकशीच्या फोटोत आबा उभे होते. टोपी सारखी केलेली, एक हात स्कूटीच्या सीटवर. किती वाळले होते. श्रेयाला रडू आवरेना, आणि तिने ते आवरलंही नाही. खंडेरावने हातातलं फडकं हळूच बाजूला ठेवलं आणि आत जाऊन मोटरसायकलची किल्ली घेऊन आला.

बद्रीनाथ अवघडून गेला. पण त्यालाही त्याचं काम उरकायचं होतं. एका माणसाला दोन ठिकाणी 'राहते' असं लिहिता येत नाही, तो म्हणाला. इथे तर ती समोरच दिसत होती.

"मग वैजापूरच्या पत्त्यापुढं काय टाकू? म्हातारा खोटं बोलला म्हणून?"

श्रेयाने ओढणीने डोळे पुसले आणि पायात चपला सरकवल्या.

"आत्ताच काही लिहू नका, दादा," ती म्हणाली. "सांज होऊ द्या. तोवर ते खरं होतंय."