वारा बंद घर

पश्चिमेच्या विटांच्या जाळीसमोर गवंडी लटारूजींनी उदबत्ती धरली. धूर आत झुकला.

"वारा येते अजून, ताई. असं घर पास नाही होत."

निरुपमाने सिमेंटचा गोळा उचलला. चंद्रपुरात आता रात्रीही पारा बेचाळिसाखाली उतरत नसे. पूर्ण बंद घरालाच थंडाव्याची जोडणी मिळे, बाकीच्यांना छावणीत जावं लागे. आईला इथेच राहायचं होतं.

सगळे काचेच्या इमारती बांधत होते तेव्हा तिच्या वडिलांनी, वास्तुविशारद दादांनी, हे घर मातीच्या जाड भिंतींचं आणि जाळ्यांचं बांधलं. गेल्या मे महिन्यात संध्याकाळच्या वाऱ्यावर विसंबून ते या जाळीखाली निजले, ते उठलेच नाहीत.

"तवा धूर आत नाही आला का साहेब भिंत पाडायला लावत," लटारूजी दादांच्या आठवणीने म्हणाले.

"तीनदा पाडलीत ही," आई म्हणाली. "चौथ्यांदा बांधताना काय शिव्या दिल्या होत्या तुम्ही!"

लटारूजी ओशाळून हसले.

निरुपमाने शेवटचं भोक बुजवलं. आता धूर सरळ वर गेला.

"झालं पास. उद्या शाळेच्या जाळ्या बुजवायच्या. त्याही साहेबांनीच बांधलेल्या."

निरुपमाने हातावरचं सिमेंट पुसलं.

"मी येते," ती म्हणाली.