अभिरामचा गड

अभिरामच्या मेंदूत बसवलेली चिप एवढंच सांगू शकत होती, की हातातल्या पत्त्यांपैकी त्याला कुठला टाकायचाय. अपघातात त्याचं बोलणं आणि हालचाल, दोन्ही गेली होती. शब्द पकडणारी चिप अजून निघायची होती. म्हणून त्याचे जुने मित्र इक्बाल आणि शर्वरी दर रविवारी घरी येत आणि त्याची बायको मंजुषा हिला धरून चौघं पडद्यावर ‘मायागड’ हा पत्त्यांचा डाव मांडत. ज्याचा गड शेवटपर्यंत टिकेल, तो जिंकला.

अभिरामच्या गडावर मात्र कोणी चाल करत नसे. बाकीचे आपसांत लढून संपत आणि दरवेळी तोच जिंकत असे.

त्या रविवारी त्याने अग्निनागाचा पत्ता टाकला आणि स्वतःचाच गड जाळला.

“चिप बिघडली वाटतं, वहिनी,” इक्बाल म्हणाला.

मंजुषा नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. “नाही बिघडली. आपण त्याला खेळात धरतच नव्हतो.”

“म्हणजे आता त्याला हरवायचं?” शर्वरीने हळूच विचारलं.

नवा डाव लावून मंजुषाने आपली सगळी राक्षससेना अभिरामच्या गडावर धाडली. तो बराच वेळ थांबला. मग त्याने पूल तोडायचा पत्ता टाकून सेना दरीत लोटली आणि तिचा रिकामा गड घेतला.

“मेले मी!” मंजुषा म्हणाली, आणि अपघातानंतर पहिल्यांदाच त्याच्यासमोर रडली.